रोह्याच्या पायपेटीतला हरवलेला सूर

रोह्याला जाऊन आलो म्हटलं की ओळखीचे लोक दोनच प्रश्न विचारतात. तिथल्या कंपनीत कुणी नातेवाईक आहे का, आणि एवढ्या लांब गेलात तर अलिबाग का नाही केलंत. कंपनीत माझं कुणी नाही. अलिबागचा फाटा वडखळला फुटतो एवढं मला माहीत होतं, पण त्या बाजूला वळायचं कारण पडलं नाही. मी गेलो होतो एक पेटी दुरुस्त करायला. गेली तीस वर्षं मी गिरगावात तेच काम करतो. माणसं आपल्या पेट्या माझ्याकडे घेऊन येतात, मी पेटीकडे गेल्याचे प्रसंग थोडे. त्यातला हा एक चार-पाच दिवसांचा.

मला नेलं नुरियानं. ती बार्सिलोनाची, पियानो वाजवणारी, वय पंचेचाळीसच्या आसपास. वाद्यांच्या एका दुकानदारानं तिला माझा पत्ता दिला होता. आल्या आल्या तिनं सांगितलं की ती स्पॅनिश नाही, कातालान आहे, त्यांचा मुलूख वेगळा आणि भाषाही वेगळी. दहा मिनिटांत हे तिनं तीनदा सांगितलं. आमच्याकडे पुणेकरांचं असंच असतं, असं मी म्हटलं, तर ती पुण्याला कधी जाता येईल ते विचारू लागली. तिच्या पिशवीत स्वरलेखनाची एक पातळ वही होती. तिच्या संगीतकार गुरूंनी रचलेले बारा छोटे तुकडे त्यात होते. त्या वहीचं नाव ‘मिठाची वही’, आणि मुखपृष्ठावर खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘रोहा’.

गुरूंचं नाव नार्सीस. आडनाव माझ्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून इथं नुसतं नार्सीसच लिहितो. तिच्या मुलखात पियानो शिकणारं प्रत्येक पोर ही वही वाजवतं. आणि ती रचली गेली स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत, रोह्याच्या एका घरात, पियानोवर नव्हे तर पायपेटीवर. नुरियानं त्या घराचा शोध लावला तो एका पत्रानं. रोह्याच्या पोस्टमास्तरांना तिनं लिहिलं की तुमच्या गावात एखाद्या ज्यू कुटुंबाकडे जुनी पायपेटी आहे का. गावात ज्यूंची तीनच घरं उरली होती आणि पायपेटी एकाच घरात होती. पोस्टमननं पत्र बरोबर पोचवलं. घराच्या मालकीण सिपोराबाईंचं उत्तर आलं, पेटी आहे, पण लवकर या, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी कायमची मुलाकडे इस्रायलला निघतेय.

गुरुवार, पेण

थेट रोह्याला जायचं सोडून नुरियानं पेणला उतरायचा हट्ट धरला. तिला मिठागरं बघायची होती. फेब्रुवारीची सुरुवात होती, मीठ धरू लागलं होतं. पेणच्या बाजारात पापडांच्या आणि पोह्यांच्या दुकानांसमोर ती बराच वेळ रेंगाळली. मी तेवढ्यात सिपोराबाईंना भेट म्हणून चांगला सुका जवळा बांधून घेतला. त्याचं पुढं काय झालं ते सांगतोच.

खाडीकडे गेलो तर चौकोनी वाफे उन्हात चमकत होते, आणि बांधावर पांढरे ढीग. नुरिया वाकली, बोटानं मीठ उचलून जिभेवर ठेवलं. मग म्हणाली, नार्सीसचे वडील मिठागरावरचे मजूर होते. त्यांच्या मुलखात एक मोठी नदी समुद्राला मिळते, तिथं एकीकडे भाताची शेतं आणि दुसरीकडे मिठागरं. म्हणजे पेणच की, मी म्हणालो. ती म्हणाली, अगदी हेच, फक्त बगळ्यांच्या जागी तिकडे गुलाबी रोहित पक्षी असतात.

वाफ्यांत पाच-सहा बायका आणि दोन-तीन गडी काम करत होते, त्यात एक हिराबाय होती. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढताना ती हलक्या आवाजात गुणगुणत होती. ही कोण, कुठली, कशाला आली, सगळं तिनं मला विचारलं. मी सांगितलं की हिच्या गुरूचा बाप मीठवाला होता.

“मंग ही परकी नाय,” हिराबाय म्हणाली. “घे गो, वढ जरा.”

नुरियानं बूट काढले, फावडं घेतलं, चार वेळा नीट ओढलं आणि पाचव्या वेळी बांधावरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. तिला वर काढायला आम्ही तिघं लागलो, आणि एक बूट शोधायला चौथा. ते बघून बायका इतक्या हसल्या की त्यांचं काम थांबलं. कपडे धुऊन वाळेपर्यंत थांबणं आलंच, मग त्यांनी आम्हाला पोपटीला बसवून घेतलं.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, अंडी आणि ओवा-मीठ भरतात, तोंड पाल्यानंच बंद करून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती काटक्या-गवत पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासानं मडकं उघडलं की जो वास येतो तो हॉटेलात मिळायचा नाही. नुरिया बोटं भाजत शेंगा सोलत होती. त्यांच्याकडे थंडी सरताना शेतात असाच जाळ करून लांब पातीचे कांदे काळे होईपर्यंत भाजतात, सगळे उभ्यानं खातात आणि सगळ्यांचे हात-तोंड काळे होतात, असं तिनं सांगितलं. हिराबायनं विचारलं, नुसते कांदे? वाल नाय? वाल नसतात हे कळल्यावर तिनं मूठभर शेंगा नुरियाच्या पिशवीत टाकल्या.

संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात चहा घेताना नुरियानं वही उघडली आणि तिच्यातली खरी गंमत मला दाखवली. बारा तुकड्यांत मिळून हजारभर तरी सूर असतील. पण मधल्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी, जिला आम्ही पेटीवाले पांढरी चार म्हणतो, ती कुठंही लागत नाही. चाल तिथपर्यंत येते आणि वळसा घालून जाते, किंवा तिच्याजागी क्षणभर थांबते. विद्वानांनी यावर खूप लिहिलंय, ती म्हणाली. स्पेनच्या यादवी युद्धात नार्सीसचा पक्ष हरला, घर गेलं, देश गेला. तो वगळलेला सूर म्हणजे त्यांचा हरवलेला देश. नुरियानं स्वतः याच विषयावर प्रबंध लिहून पदवी मिळवली होती.

मी पेटीवाला माणूस. आधी ती पेटी उघडून बघू, असं मी मनात ठरवलं.

शुक्रवार, रोहा

सकाळच्या गाडीनं निघालो. गाडी कासूला थांबली, तेव्हा एक म्हातारा वालाच्या पेंढ्या घेऊन चढला आणि नुरियाजवळ बसून तिची वही उलटी-सुलटी बघत राहिला. नागोठण्याच्या पुढे कारखान्याची धुराडी दिसली, शिफ्ट संपलेली माणसं खिडकीला डोकं टेकून झोपली. नुरिया मला नार्सीसची उरलेली गोष्ट सांगत होती. देश सुटल्यावर ते बोटीवरच्या बँडमध्ये वाजवू लागले, आणि फिरत फिरत मुंबईला उतरले. तिथं एका हॉटेलात पियानो वाजवायचे. त्याच बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे एलायझा, सिपोराबाईंचे वडील, मराठी बोलणारे, रोह्याचे. नार्सीसना टायफॉइड झाला, तेव्हा हॉटेलनं त्यांची जागा दुसऱ्याला दिली. एलायझांनी त्यांना उचलून गावी आणलं. चार महिने ते तिथं राहिले, बरे झाले, वही लिहिली, आणि मग फ्रान्सला गेले. तिथल्या एका लहान गावात मुलांना शिकवत आयुष्य काढलं. नुरिया तिथंच त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकली.

सिपोराबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या आतल्या, नऊवारी नाही पण कोकणी पद्धतीनं खोचलेली साडी, केसांत अबोली. दाराच्या चौकटीवर त्यांच्या धर्माची छोटी तिरकी नळी होती, तिला हात लावून तो हात त्यांनी ओठांना लावला आणि आम्हाला आत घेतलं. मी मोठ्या प्रेमानं जवळ्याचं पुडकं पुढं केलं. त्यांनी वास ओळखला आणि दोन पावलं मागं सरकल्या.

“भाऊ, राग मानू नका. खवलं नसलेलं आमच्यात चालत नाय. घरातसुद्धा नाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनीच मार्ग काढला. पुडकं शेजारच्या कुंदाताईंच्या अंगणात भिंतीवरून उतरवलं गेलं, आणि दुपारी जेवताना त्या बाजूनं जवळ्याच्या कालवणाचा घमघमाट येत राहिला. आम्हाला सिपोराबाईंनी नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरड्यात पेणच्या शेंगांचे दाणेही घातले होते. नुरियानं भाकरीवर टोमॅटो चोळून, वर तेल-मीठ घालून खाल्ली, तिच्या घरची रीत म्हणून. सिपोराबाईंनीही एक घास तसा खाऊन बघितला आणि बिरडं पुढं सरकवलं.

पायपेटी आतल्या खोलीत होती. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीकडून एलायझांनी ती घेतली होती. एकेरी सुरांची, म्हणजे दर पट्टीला एकच सूर, सागाची, जड. भाता दोन ठिकाणी चिरला होता, पट्ट्या दमटपणानं फुगल्या होत्या, आत झुरळांचं राज्य. दोन तास साफसफाई करून, भात्याला कातड्याची ठिगळं लावून मी सुरांची फळी बाहेर काढली. पितळेचे सूर, म्हणजे हवा लागली की वाजणाऱ्या बारीक जिभा, एकेक करून पुसत गेलो. मधल्या सप्तकात आलो आणि थांबलो. पांढऱ्या चारच्या जागी सूर नव्हताच. मोडलेला नव्हे, वाकलेला नव्हे. रिकामी खाच, आणि खाचेत जुनी, काळी, दाट धूळ.

मी नुरियाला हाक मारली आणि खाचेकडे बोट दाखवलं. वाजतच नव्हती ती पट्टी, म्हणून वहीत नाही, एवढंच मी म्हणालो. तिनं खाचेत बोट घालून बघितलं. मग खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, माझा प्रबंध तीनशे पानांचा आहे. मला हसू आवरेना, आणि तिचा चेहरा बघून हसताही येईना.

दारात सिपोराबाई उभ्या होत्या. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. सूर्य कलला, शब्बाथची वेळ झाली, आता उद्या सूर्य मावळेपर्यंत हत्याराला हात नाय, असं सांगून त्या दिवे लावायला गेल्या. जाताना त्यांनी दोनदा वळून त्या फळीकडे बघितलं.

शनिवार, नदीकाठी

काम बंद. वाहनात बसणं नाही, चूल पेटवणं नाही. सकाळी कालचंच जेवण खाऊन आम्ही तिघं चालत कुंडलिकेच्या काठी गेलो. नदी शांत होती, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. सिपोराबाई पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, भाऊ, मी काय सांगते ते आधी तुम्ही ऐका. तिला सांगायचं की नाय ते मग ठरवू.

नार्सीस घरी राहिले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. गावातली माणसं नार्सीसना नरसूमास्तर म्हणायची. मास्तर बरे होऊन पेटीवर बसू लागले होते. एकदा वडिलांनी पेटी उघडून सगळे सूर सुटे केले आणि चादरीवर मांडले. त्यातला एक तोंडाशी धरून फुंकला की वाजतो, हे सिपोराला भावाकडून कळलं होतं. तिनं एक उचलला, परकराच्या ओच्यात लपवला आणि इथं, याच पायरीवर येऊन फुंकत बसली. छान वाजत होता. मग ओल्या बोटांतून सुटला आणि पाण्यात गेला. पाणी भरतीचं होतं.

वडिलांनी घर पालथं घातलं. सिपोराला विचारलं, तिनं मान हलवून नाही म्हटलं. वडील तापट नव्हते, उलट त्यांनी स्वतःलाच बोल लावून घेतला की मीच कुठं पाडला असेल. दुसऱ्या दिवशी ते नवा सूर आणायला मुंबईला निघाले, तेव्हा नरसूमास्तरांनी त्यांना थांबवलं. मोडक्या हिंदीत म्हणाले, नको, मी जे लिहितोय त्यात तो सूर लागतच नाही. मग सिपोराकडे बघून त्यांनी एक डोळा मिचकावला. आजारपणापासून ते बहुतेक वेळ खिडकीशी बसून असत. खिडकीतून ही पायरी दिसायची.

“मी वडलांना शेवटपर्यंत बोलले नाय,” सिपोराबाई म्हणाल्या. “त्यांनी तो सूर कधी बसवला नाय. मास्तरांना नको होता, म्हणायचे. आणि मला वाटायचं, माझ्यापायी त्या माणसाचं गाणं लंगडं झालं. आता ही बाई एवढ्या लांबून आली ती त्याचाच पत्ता काढत.”

मग त्याच म्हणाल्या, सांगा तिला.

मी सांगितलं. माझं इंग्रजी असल्या गोष्टीसाठी बेतलेलं नाही, तरी सगळं सांगितलं. नुरिया ऐकत होती ती सिपोराबाईंकडे बघत, माझ्याकडे नव्हे. मग तिनं जे सांगितलं ते मी मराठीत केलं.

पंधरा वर्षांची असताना तिनं नार्सीसना विचारलं होतं की हा सूर तुम्ही का वगळलात. ते म्हणाले होते, तो सूर एका मुलीचा आहे, तिला न विचारता मला सांगता येत नाही. नुरियाला वाटलं, म्हातारा गमतीनं बोलतोय. त्यांच्या हयातीत केवढाले लेख आले. सभांत लोकांनी त्यांच्या तोंडावर देशाचं दुःख, निर्वासिताचं मौन वगैरे भाषणं केली. ते ऐकून घ्यायचे आणि मान डोलवायचे. एका शब्दानं त्यांना सगळं मिटवता आलं असतं. आणि नुरिया म्हणाली, गाणं लंगडं मुळीच नाही. तो सूर असता तर त्यांनी सरळ नेहमीच्या चाली लिहिल्या असत्या. तो नव्हता म्हणून त्यांना दर वेळी नवी वाट काढावी लागली. म्हणून तर पोरं आजही ती वही वाजवतात.

सिपोराबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग म्हणाल्या, चला, ऊन वाढलं. चालताना त्यांनी नुरियाचा हात धरला होता.

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसल्यावर शब्बाथ सुटला आणि चहा झाला. तेव्हा नुरियानं मनातलं बाहेर काढलं. तिला ती पायपेटी, तशीच रिकाम्या खाचेसकट, बार्सिलोनाच्या संग्रहालयात न्यायची होती. पेटी न्यायचं तर तिनं तिकडून निघतानाच ठरवलं होतं. सिपोराबाईंनी शांतपणे नाही म्हटलं. पेटी कुंदाताईंना दिलेली होती, त्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि पोरींना पेटी नव्हती. मी तर चाललेच, पेटी तरी इथं राहू दे, एवढंच त्या बोलल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोरींना सगळे सूर लागतात, भाऊ. तो बसवा.”

नुरियाचा चेहरा पडला. मी तिच्या जागी असतो तर माझाही पडला असता. माझ्या डब्यात चार-पाच जुने जर्मन सूर होते, त्यातला एक बसण्यासारखा होता. मी सुचवलं, उद्या आधी तू वाजव, जशी आहे तशी. मग मी बसवतो. नुरिया अंगणात दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, ठीक.

रविवार, मलिदा

सकाळपासून घरात पोह्यांचा आणि गुळाचा वास. निरोपाच्या दिवशी सिपोराबाईंनी मलिदा घातला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याची प्रार्थना. पोहे पेणचेच होते. उरलेल्या दोन घरांतले दोन म्हातारे प्रार्थनेला आले. बाकी सगळी गर्दी शेजाऱ्यांची, कुंदाताई, त्यांच्या शाळेच्या दहा-बारा पोरी, पोस्टमन, आणि कासूचा तो वालवाला म्हातारा. नुरियाच्या वहीवरचं ‘रोहा’ हे नाव त्यानं गाडीतच वाचून ठेवलं होतं, आणि गावात चौकशी करून ती काय वाजवते ते बघायला तो आला होता.

नुरियानं बारा तुकडे वाजवले. मी रागदारी ऐकत वाढलेला माणूस, त्या संगीतातलं सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण सातव्या तुकड्यात, हिराबाय गुणगुणताना जशी दर ओढीला थोडं वर जाऊन खाली यायची, तसं काहीतरी होतं. चाल पांढऱ्या चारपाशी आली की सिपोराबाई मान खाली घालायच्या, आणि ती वळसा घालून पुढं गेली की हसायच्या. दहाव्या तुकड्यात डाव्या पायाकडचं भात्याचं ठिगळ सुटलं आणि भाता खोकल्यासारखा आवाज करू लागला. मी खाली बसून हातानं चीर दाबून धरली आणि शेवटचे तीन तुकडे माझ्या पाठीला कळ लागेपर्यंत तसेच झाले. पोरींना सगळ्यात जास्त मजा त्याचीच आली.

मग मी सूर बसवला. थोडा घासावा लागला. पहिल्यांदा कुणी वाजवायचा यावर बराच आग्रह झाला. सिपोराबाई नको म्हणाल्या, आणि कुंदाताईंच्या पोरींतल्या सगळ्यात लहान पोरीनं दोन्ही पायांनी उडी मारून भाता दाबला आणि पट्टी धरून ठेवली. सूर चोख लागला. नुरियानं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

सोमवारी सिपोराबाईंची जीप निघाली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला ट्रंक नीट बांधली नाही म्हणून तीनदा उतरवलं. रडायला वेळच राहिला नाही. आम्ही गाडीनं परतलो.

वर्षभरानं नुरियाचं पत्र आलं. सिपोराबाईंना आधी विचारून बार्सिलोनात एका सभागृहात तिनं सगळं सांगितलं. एक विद्वान उठून निघून गेले, बाकीचे टाळ्या वाजवत उभे राहिले. ‘मिठाची वही’ची नवी आवृत्ती निघाली, तिच्या पहिल्या पानावर नार्सीसच्या नावाखाली एवढंच आहे, ‘सिपोरासाठी’. एक प्रत माझ्याकडे आली, एक इस्रायलला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानात फोन वाजला. आवाज लांबून येत होता, पण बोली रोह्याचीच.

“भाऊ, माझं नाव छापलंय हो. नातवाला दाखवलं, सगळी गोष्ट सांगितली. तर मला विचारतो, आजी, तू चोरी केली होतीस? म्हटलं, व्हय रे बाबा, केली होती. आणि ज्यानं बघितली, तो मरेपर्यंत कुणाला बोलला नाय.”